पोतनीस काकांची सवारी

पोतनीस काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि घरातल्या दिव्याचं बटण लाकडी पट्टीने दाबायचे. ती पट्टी दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असे. नवीन माणूस घरी आला की त्याला वाटायचं, काकांना शिकवण्या घ्यायची आवड असेल. नोकरी त्यांची हिशेबाच्या टेबलावरची. "विजेशी माझा संबंध कागदावरचा. तारेवरचा नाही," असं ते सांगत, आणि वर, "ज्यांनी तारेवरचा ठेवला ते कुठे आहेत आज?" असंही विचारत.

उज्जैनला माधव नगरात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. त्यामुळे काकांना कशाकशाची भीती वाटते हे मला लहानपणापासून पाठ होतं. कुत्रे, लिफ्ट, पतंगाचा मांजा, गॅसचं सिलिंडर, बंद पडलेला पंखा अचानक सुरू होणं, आणि गच्ची. गच्चीवर तर ते जातच नसत. त्यांचे पापड आमच्या गच्चीवर आमची आई वाळवायची. लग्नाला गेले की आधी मांडवाला मागून बाहेर पडायची वाट आहे का ते बघायचे आणि मग नवरा-नवरीला भेटायला जायचे. गल्लीतली मंडळी त्यांची यथेच्छ थट्टा करत. माझे बाबा त्यात सगळ्यात पुढे. "पोतनीस, आज वारा सुटलाय, खिशात दोन दगड ठेवा," असं बाबा फाटकातून ओरडायचे. काका शांतपणे म्हणायचे, "ठेवलेत." दोघं दर रविवारी एकत्र पोहे-जलेबी खायचे, आणि बाबांखेरीज त्यांना जवळचं असं कुणी नव्हतं. उषाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मी शाळेत असतानाच गेल्या. मूलबाळ नव्हतं.

मलाही तेव्हा ते गमतीचे वाटायचे. मी तशी फटकळ आहे. घाबरणाऱ्या माणसांचा मला लवकर कंटाळा येतो.

तो कंटाळा पहिल्यांदा कमी झाला तो टावर चौकात. मी कॉलेजात होते. भर दुपारी स्कूटीवरून येताना उसाच्या रसाच्या गाडीशेजारी काका दिसले. कुणाच्या तरी उभ्या मोटरसायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभे होते. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने भिजलेला. मी स्कूटी टाकली आणि धावले. म्हटलं, हार्ट अटॅक. रिक्षा बोलवायला लागले तर त्यांनी एक बोट वर केलं.

"थांब, मिनू. सवारी आहे."

मी रस्त्याकडे पाहिलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी शहरातून निघते, तिला आम्ही सवारी म्हणतो. त्या दिवशी पोलीस रस्ते अडवतात. ज्याला जिथे गाठलं त्याने तिथेच उभं राहायचं, मग तुमची परीक्षा असो की गाडी सुटत असो. पण तेव्हा श्रावण नव्हता आणि चौकात नेहमीसारखे टेंपो हॉर्न वाजवत होते. मला वाटलं, काका भ्रमिष्ट झाले.

काही वेळाने त्यांचा श्वास ताळ्यावर आला. त्यांनी मोटरसायकलच्या हँडलला, म्हणजे कुणाच्या कोण जाणे गाडीला, हात जोडले आणि मला रस पाजला.

"घबराहट आहे म्हणतात डॉक्टर," ते म्हणाले. "हार्ट चांगलं आहे माझं, दोनदा तपासून झालं. तरी ही येते. वाटतं, बस, आता संपलं. पहिले मी पळायचो. ऑफिसातून पळालोय, पिक्चरमधून पळालोय. पण सवारीच्या समोरून पळून जाणार कुठे? ती तर त्याच सडकेने येऊन राहिली. मग एक दिवस ठरवलं, आपण बाजूला उभं राहायचं. रस्ता द्यायचा. हात जोडायचे. ती काय आपल्यासाठी थांबते का? जाते पुढे."

"आणि नाही गेली तर?" मी विचारलं. मला तेव्हा नको तिथे नको ते विचारायची हौस होती.

"माझी एकही थांबलेली नाही," काका म्हणाले आणि ग्लास ठेवून दिला.

बाबा गेले तेव्हा काका आमच्या घरात आले नाहीत. त्यांना मृतदेहाची भीती वाटायची. दिवसभर गल्लीत फाटकासमोर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होते, चपला नीट लावत होते. आईला राग आला होता. मला नाही आला. पुढच्या रविवारी ते एकटेच पोह्यांच्या दुकानात गेले आणि दोन प्लेट सांगून बसले, असं दुकानदाराने मला नंतर सांगितलं.

माझा धाकटा भाऊ ओंकार, आमचा ओमी, तेव्हा बंगळुरूत नोकरीला होता. बाबा गेले ते ध्यानीमनी नसताना. ओमी विमान पकडून आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. तो रडला नाही. परत गेला, काम करत राहिला, फोनवर "ठीक आहे" म्हणत राहिला. पुढच्या रंगपंचमीला आला तेव्हा निम्मा झाला होता. झोप नव्हती, जेवण नव्हतं. आईला वाटलं, मुलीचं प्रकरण असेल.

प्रकरण निराळंच होतं. त्याच्या कुणा मित्राने कोडाईकनालहून सुकवलेल्या अळंब्या आणल्या होत्या. भाजीच्या नव्हेत, डोक्यात जाणाऱ्या. त्या खाल्ल्या की मनात अडकलेलं सगळं सुटून जातं, दुःख धुऊन निघतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. घरच्यासारखी सुरक्षित जागा कुठली, म्हणून पुडी तो घरी घेऊन आला. रंगपंचमीनंतरच्या रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर आम्ही मायलेकी आडव्या झालो असताना, त्याने ती एकट्याने खाल्ली आणि गच्चीवर जाऊन बसला.

मला जाग आली ती आईच्या किंकाळीने. ती वाळवण बघायला वर गेली होती. मी धावत गेले तर ओमी कठड्याला टेकून उभा, शर्ट काढून फेकलेला, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे नुसते काळे दिसत होते. तो माझ्याकडे बघत होता आणि मला ओळखत नव्हता. माझ्या पाठच्या भावाने मला ओळखलं नाही.

आई उज्जैनची. उज्जैनच्या बायकांना अशा वेळी काय करायचं ते तोंडपाठ असतं, कारण शिवरात्रीला प्रत्येक घरात एखादा तरी पाहुणा भांग जास्त घेऊन आडवा होतोच. तिने धावत खाली जाऊन लिंबू आणलं, चिंचेचं पाणी आणलं, आणि त्याचं तोंड धरून ओतायला लागली. तो ठसकला, थुंकला, आईचा हात झटकला. "चढली आहे, उतरेल, खटाई दे," ती मलाच बजावत होती. मला बाजेखाली पुडी सापडली, आत चार-दोन काळपट तुकडे उरलेले. "आई, ही भांग नाही. मशरूम आहेत."

"मशरूम?" आई म्हणाली. "मटर-मशरूमने कुणी असं होतं का?"

दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. तेवढ्यात ओमी कठड्यावरून वाकला आणि बोलायला लागला. "खाली... सगळं खाली... आई, खाली..." पुन्हा पुन्हा तेच. त्याचा आवाज त्याचा नव्हता. आईने हंबरडा फोडला, "हा उडी मारतोय गं!" आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. मी दंड धरला. आम्ही जितकं धरलं तितका तो पिसाळल्यासारखा ओढायला लागला. आम्ही तिघंही कठड्याच्या अगदी कडेला, आणि आमच्या गच्चीचा कठडा काही उंच नाही. मला कळत होतं की हात सोडला तर हा जाईल आणि नाही सोडला तर तिघं जाऊ. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

"वहिनी, सोडा त्याला."

जिन्याच्या तोंडाशी पोतनीस काका उभे होते. गच्चीवर. एक हात भिंतीला, पायात एकच चप्पल.

"सोडू? भावजी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओढाताण करू नका. तो तुम्हाला घाबरून राहिलाय." मग त्यांनी ओमीला हाक मारली, रोज फाटकातून मारायचे तशीच, ना मोठी ना हळू. "ओमी. एक सांग मला. खाली म्हणजे काय रे? खाली म्हणजे नीचे, की खाली म्हणजे रिकामं?"

ओमी थांबला. ओढायचा थांबला. त्याने काकांकडे पाहिलं आणि प्रश्नाचा विचार केला, हे मला स्पष्ट दिसलं.

"रिकामं," तो म्हणाला. "आत कुणीच नाहीये. मी नाहीये. बाबा नाहीयेत. सगळं घर खाली."

"नीचे नाही जायचं ना तुला?"

"नाही. नीचे कशाला?"

आईचे हात आपोआप सुटले. आमच्या घरात आम्ही जन्मभर दोन्ही अर्थांनी हा शब्द वापरतो. गिलास खाली कर, खाली ये. कधी कुणाचा घोटाळा झाला नव्हता. त्या दिवशी त्या एका शब्दापायी आम्ही त्याला कठड्यावरून जवळजवळ ढकललंच होतं. तो इतका वेळ आम्हाला सांगत होता की घर रिकामं आहे, आणि आम्ही त्याच्या कमरेला लोंबकळत होतो.

"मग इकडे बस. ऊन आहे तिथे," काका म्हणाले.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत ते स्वतः आधी बसले. बसले म्हणजे भिंतीला पाठ घासत खाली सरकले. ओमी त्यांच्या शेजारी गेला. मला काकांनी डॉक्टरांना फोन करायला पाठवलं. आमच्या डॉक्टरांनी नीट विचारलं, काय खाल्लं, किती, ताप आहे का, उलट्या आहेत का. पुडीचा फोटो मागवला. म्हणाले, तो बसून बोलतोय तर जबरदस्तीने उचलून आणू नका, पण झटके आले, ताप चढला, उलट्या सुरू झाल्या तर एक क्षण थांबू नका. आणि ते लिंबू-चिंच बंद करा. एकटं सोडू नका. मी रिक्षावाल्याला फाटकाशी थांबवून ठेवलं आणि वर येऊन जिन्यात बसले. आईला देवापाशी बसवलं होतं.

तिथून मी ऐकत होते.

"काका, मी असाच राहणार का?"

"नाही."

"मला वेड लागलंय."

"तू काहीतरी खाल्लंयस. खाल्लेलं उतरतं."

"हे नाही उतरणार. मला माहितीये."

"असं वाटतंच. मला दर वेळी वाटतं. बाकीच्या गेल्या, ही नाही जाणार." मग त्यांनी त्याला सवारीचं सांगितलं. मला टावर चौकात सांगितलेलंच, पण सावकाश, मधे मधे थांबून. "आता कुठे आहे तुझी?"

"छातीत. गळ्यात येऊन राहिली."

"येऊ दे. रस्ता दे तिला. अडवू नको. पुढे घोडेवाले असतील, मग बँड, मग झांजवाले. गर्दी खूप आहे?"

"खूप आहे."

"असणारच. सोमवार आहे ना."

रविवार होता. ओमी म्हणाला, "हो."

मधेच तो ओरडला की काकांचा चेहरा वितळतोय, मेणासारखा ओघळतोय. मी उठून उभी राहिले. काकांनी आपला गाल चाचपून पाहिला. "मला तर जागच्या जागी लागतोय. तू बघ बरं हात लावून." ओमीने हात लावला. बराच वेळ त्याचा हात त्यांच्या गालावर होता. "आहे," तो म्हणाला. "दाढी टोचते."

"सकाळी पाणी गेलं होतं नळाचं," काका म्हणाले.

थोडं शांत झालं की वाटायचं, संपलं. मग पुन्हा यायचं, पहिल्यापेक्षा मोठं. एकदा तर तो जमिनीवर आडवा पडून, बाबांना हाका मारत, इतका थरथरत होता की मी रिक्षावाल्याला वर बोलवायला खाली निघाले. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. "पालखी आता येतेय," ते म्हणाले. "इतका वेळ जे होतं ते पुढचे लोक होते. हीच ती. ही गेली की मागे काही नाही. बघ तिच्याकडे. हात जोड." आणि माझ्या भावाने, जो कधी देवळात जात नाही, पालथं पडल्या पडल्या हात जोडले आणि रडायला लागला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आईला ते ऐकू गेलं. ती वर आली आणि जिन्यात माझ्या शेजारी बसून तीही रडली. मीही रडले. काका तेवढे रडत नव्हते. ते टाकीला टेकून समोर बघत होते, कठड्याकडे डोळे जाऊ नयेत अशा बेताने.

दिवेलागणीच्या आधी ओमीने मला हाक मारली. "ताई, पाणी दे गं. आणि हा चिंचेचा वास कसला येतोय?" मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो होता. रिक्षावाल्याला मी भाडं देऊन वाटेला लावलं.

सगळं तिथे संपलं असं नाही. पुढे कितीतरी महिने त्याला मधेच धडकी भरायची, ऑफिसात, रस्त्यात, ते परत येतंय असं वाटायचं. बंगळुरूला तो एका डॉक्टरीणबाईंकडे जायला लागला आणि त्याचा उपयोग झाला. पण रोज सकाळी फोन असायचा तो काकांना. दोघं काय बोलायचे कोण जाणे. भिंतीपलीकडून मला फक्त काकांचं "हो. उभा राहा. जाते" एवढं ऐकू यायचं. आता ओमी बरा आहे. लग्न झालंय. अळंब्यांचं नाव काढत नाही, हॉटेलातही ती भाजी मागवत नाही. काका मागच्या हिवाळ्यात झोपेत गेले, ज्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती, कारण झोपेत गेलं तर कळत नाही म्हणे. ओमी आला आणि खांदा दिला. येताना जाताना तो एकच वाक्य बोलत होता, "माझी एकही थांबलेली नाही, असं म्हणायचे काका." तो त्या वाक्यावर उभा आहे. मी बहीण आहे, मला ते दिसतं.

आता जे लिहिणार आहे ते मी त्याला सांगितलेलं नाही. ओमीला मराठी वाचता येतं, पण तो वाचत नाही, हिंदी शाळेचा मुलगा. म्हणून इथे लिहिते.

त्या संध्याकाळी ओमीला खिचडी घातल्यावर मी काकांचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. घरात अंधार होता. ते पायरीवरच बसलेले होते, आमच्या घरून निघून जेमतेम तिथवर पोचलेले. दोन्ही हातांनी पायरीची कड धरून होते. मी ताट खाली ठेवलं.

"काका, आली का?" मी विचारलं. "जाईल, बसते मी."

त्यांनी मान हलवली. "नवी नाही आलेली, बेटा. ही जुनीच आहे."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"उषाला दवाखान्यात नेलं ना, त्या दिवशी आली होती," ते म्हणाले. "ती काही गेली नाही मग. बाकीच्या येतात-जातात. ही आहेच. हिच्याबरोबरच चहा घेतो सकाळी." मग त्यांनी आमच्या गच्चीकडे पाहिलं. "मी त्याला सांगितलं, एकही थांबत नाही म्हणून. तू त्याला सांगू नको हं."

"नाही सांगत."

"त्याची जाईल," काका म्हणाले. "तरुण आहे तो."

त्यांना घास धरता येत नव्हता. मी खिचडी कालवली आणि भरवली. घास घास करून ते सगळं जेवले.